तुम्ही विचारलंत म्हणून: पगडीची सक्ती असते का?

मी शीख आहे, त्यामुळे नव्याने ओळख झालेले बहुतेक लोक मला लवकरच विचारतात की, ही पगडी तुम्हाला बांधावीच लागते का? प्रश्नात कुतूहलापेक्षा कणव अधिक असते, विशेषतः उन्हाळ्यात. सरळ उत्तर असे की, होय, नियम आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या ‘शीख रहत मर्यादे’त, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पुरुषाने पगडी बांधावी असे म्हटले आहे, स्त्रियांनी ती बांधावी की नाही, हे त्यांच्यावर सोपवले आहे. पण एवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धवट राहील.

मूळ व्रत पगडीचे नसून केसांचे आहे. १६९९ च्या बैसाखीला गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर साहिब येथे खालसा पंथाची, म्हणजे दीक्षित शिखांच्या समुदायाची, स्थापना केली. अमृत घेतलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, शिखाने बाळगायचे पाच ककार (‘क’ने सुरू होणारी पाच चिन्हे) म्हणजे केस, कंगवा, कडे, कच्छेरा (आखूड चड्डी) आणि कृपाण. त्यांत पगडी नाही. परंपरेनुसार पहिल्या पंजप्याऱ्यांत, म्हणजे सर्वांत आधी दीक्षा घेतलेल्या पाच जणांत, पाणक्या होता, छिपा (कापडावर छपाई करणारा) होता आणि न्हावीही होता. ज्याच्या घराण्याचा उदरनिर्वाह कात्रीवर, तोच केस न कापण्याचे व्रत घेणाऱ्या पहिल्या पाचांत असावा, हे मला आजही विलक्षण वाटते. केस नीटनेटके राखायला एखादा रुमालही पुरला असता. पण त्या काळात पगडी हे राजेरजवाड्यांच्या आणि सरदारांच्या मानाचे चिन्ह होते, आणि तीच पाणक्याच्या व न्हाव्याच्याही डोक्यावर आली, यात तिचा खरा अर्थ आहे.

रोज सकाळी केस विंचरून माथ्यावर जुडा घालायचा, त्यात छोटा लाकडी कंगवा खोचायचा, मग मलमलीचा पाच-सहा मीटरचा पट्टा घेऊन त्याची ‘पूणी’ करायची, म्हणजे लांबीच्या दिशेने ताणून घड्या घालायच्या. या कामाला दुसरे माणूस लागते. घरात कोणी उठलेले नसेल तर एक टोक दाराच्या कडीला बांधावे लागते. टोकाचा कोपरा दातांत धरून पहिला वेढा घेतला की मग एकेक थर कपाळावर तिरका चढत जातो आणि शेवटी सळईने सुरकुत्या आत सारल्या जातात. घाई केली की डावी-उजवी बाजू जुळत नाही आणि सगळे सोडून पुन्हा आरंभ करावा लागतो. ज्याला हे ओझे वाटते तो फार काळ निभावत नाही, म्हणूनच ‘सक्ती’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

पगडीमुळे माणूस गर्दीत लपू शकत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी यांची त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर हत्या झाली, ती मारेकऱ्याने पगडी आणि दाढी पाहून काढलेल्या चुकीच्या निष्कर्षामुळे.

हेल्मेटबद्दलही विचारले जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखांना सूट आहे आणि ब्रिटनने ती १९७६ साली दिली. पगडी हेल्मेटइतके संरक्षण देते, असा दावा मी करणार नाही. धोका आमचा आम्ही पत्करतो, आणि कायदा तेवढी मोकळीक देतो.

केस कापलेल्या शिखांविषयी माझे मत विचाराल, तर मी त्यांचा न्यायनिवाडा करत नाही. लग्नापुरती का होईना, ते पगडी बांधतात याचा आनंदच वाटतो. मात्र हल्ली टोपीसारखी शिवून तयार मिळणारी, नुसती डोक्यावर ठेवायची पगडी मला पाहवत नाही. तेवढ्या बाबतीत मी हट्टी आहे.