डावं पायडल आणि एक मेणबत्ती

डावं पायडल काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि शेवटी कळलं की ते जाम नव्हतंच फारसं, मीच त्याला आवळत होते.

झालं काय, बरीच वर्षं माळ्यावर पडलेली जुनी काळी सायकल खाली काढली. चेन वाळक्या काठीसारखी ताठ, आणि बघावं तो नट गंजलेला. म्हटलं पायडलपासून सुरुवात करू, सोपं असतं. उजवं निघालं, कुरकुरत का होईना. डावं हलेचना. तेल सोडलं, पान्याला लांब पाइप लावला, त्या पाइपवर उभीसुद्धा राहिले (नका राहू, पाना सटकला तर नडगी फुटते), आणि दुसऱ्या रात्री अंथरुणात पडल्यावर ट्यूब पेटली की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! माहीत होतं हो, पण पाना हातात आला की माहीत असलेलं सगळं कुठे जातं कोण जाणे. आता मी डावं-उजवं लक्षातच ठेवत नाही, पाना पायडलच्या वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही बाजूंना पायडल सुटतं. दोन्ही क्रँक (म्हणजे पायडलचे दांडे) ज्यावर बसतात त्या खालच्या ॲक्सलचा उजवा कपही (बेअरिंगची वाटी) इंग्लिश मापाच्या फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो, पण इटालियन फ्रेमवर सुलट्या, त्यामुळे तिथे जोर लावायच्या आधी फ्रेम कुठली ते बघा.

बाकीचे नट मात्र खरंच जाम होते. लोखंड गंजलं की फुगतं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि आट्यांमधली फट ती केवढी, म्हणजे आत पाचर ठोकल्यासारखंच होतं. तिथे तेल शिरायला वेळ लागतो आणि आपल्याला तोच नसतो. डब्ल्यूडी-४० हे फवारायचं तेल सगळ्यांच्या घरात असतं, पण ते १९५३ साली निघालं ते पाणी हटवून गंज रोखायला, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजाला चालतं, पण हट्टी नटाला खास आत झिरपणारं तेल आणावं. मी आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करते, कारण तिथला गंज काढला नाही तर नट सुटूनही अर्ध्यात पुन्हा अडकतो. मग तेल, मग नटाच्या डोक्यावर हातोडीने टकटक, जोरात नाही, दारावर वाजवतो तेवढं, आणि मग सरळ झोपायला जायचं. सकाळी पुन्हा तेच. आणि सोडवायच्या आधी नट कणभर आवळून बघायचा, वेडेपणा वाटतो पण गंजाची पकड कधीकधी तिथेच मोडते, बारीक "टक्" असा आवाज येतो, तो आवाज ऐकला ना की चहा ठेवायला हरकत नाही. पाना रिंगचाच घ्या. स्क्रू पान्याने कोपरे गोल झाले की पुढचं सगळं काम तिप्पट होतं.

मागच्या चाकाचा एक नट तीन दिवस तेल पिऊन ढिम्म होता. त्याला मेणबत्ती लावली. चाक काढता येत नव्हतं म्हणून टायरची हवा सोडून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, तेल पूर्ण पुसून काढलं (तेलावर ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण), छोट्या गॅस टॉर्चने फक्त नट तापवला आणि मेणबत्तीची कांडी आट्यांच्या कडेला टेकवली. मेण वितळून डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं, वातीत चढतं तसं. पंधरा मिनिटं थंड होऊ दिलं आणि नट लोण्यातून फिरल्यासारखा आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

कॉटरची गोष्ट वेगळी. जुन्या क्रँकला ॲक्सलवर धरणारी ती पाचरीसारखी पिन, तिचा नट काढला आणि उघड्या आट्यांवर हातोडी मारली की टोक अळिंबीसारखं पसरतं आणि पिन भोकातून जन्मात निघत नाही. माझी पहिली तशीच गेली, ड्रिल करून काढावी लागली. दुसऱ्या वेळी नट टोकाशी सपाट होईपर्यंतच सैल केला, क्रँकखाली जाड लोखंडी पाइप जमिनीवर उभा टेकवला म्हणजे पिनचं डोकं पाइपात उतरेल, आणि एकच जोरदार घाव घातला. निघाली! दहा हलके घाव पिन वाकवतात आणि खाली आधार नसेल तर प्रत्येक घाव छर्‍यांवर आणि कपवर बसतो. नवीन कॉटर घ्यायच्या आधी व्यास मोजा, ९.५ मिमी आणि ९ मिमी दोन्ही असतात आणि डोळ्याला सारखेच दिसतात.

मडगार्डचे बोल्ट मी वाचवलेच नाहीत. हॅक्सॉ, दोन मिनिटं, संपलं. एवढ्याशा बोल्टसाठी चार दिवस तेल घालत बसणारी माणसं मला थोडी संशयास्पद वाटतात.

सगळ्यात जास्त घाम काढला तो सीटच्या दांड्याने. मधे कधीतरी कोणीतरी स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा घातला होता, ग्रीस न लावता. दोन धातू, मधे ओलावा, की ॲल्युमिनियम खराब होऊन पांढरी भुकटी आत घट्ट बसते, आणि तिच्यावर गंजाचं तेल फारसं चालत नाही. तापवावं म्हटलं तर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गरम असताना पकड वाढतेच. कॉस्टिक सोडा ओतून दांडाच विरघळवणारे लोक आहेत, पण त्यातून हायड्रोजन निघतो आणि सोडा डोळ्यात उडाला तर विषय संपला, त्या वाटेला मी गेले नाही. शेवटी दांडा व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) आवळला, सायकल उलटी केली आणि आख्खी फ्रेमच हँडलसारखी धरून फिरवली. दांडा गेला कामातून, फ्रेम वाचली.

काल जोडणी सुरू केली. प्रत्येक आट्याला ग्रीस, अगदी सीटच्या नवीन दांड्यालासुद्धा. डावं पायडल हाताने बसवायला घेतलं, दोन मिनिटं झाली तरी आटे पकडेनात, म्हटलं आता काय खराब झालं.

उलटं फिरवत होते.