पत्ता चालू, सभासदत्व बंद

१० एप्रिल २०१४ च्या गुरुवारी सकाळी मी कार्यालयात पोहोचलो, तेव्हा मेलिंग लिस्टच्या (एका पत्त्यावर आलेला मेल सर्व सभासदांना पोहोचवणाऱ्या यादीच्या) व्यवस्थापकाच्या खात्यात २८७ सूचना येऊन पडल्या होत्या. सगळ्यांचा मजकूर एकच होता, फक्त पत्ता निराळा: या सभासदाकडे धाडलेले मेल वारंवार परत येत असल्यामुळे त्याला यादीचे मेल पाठवणे थांबवले आहे. यादीत एकूण ४१२ जण होते. एका सकाळीत दोन तृतीयांशांहून अधिक सभासद बाहेर पडले होते आणि त्यांच्यापैकी एकानेही तशी इच्छा व्यक्त केलेली नव्हती.

मी तेव्हा पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात सर्व्हर सांभाळत असे. शास्त्रीय संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधणारे शिक्षक, अनुवादक आणि परदेशी गेलेले काही मराठी अभियंते यांची ही यादी आमच्याच सर्व्हरवर चालत होती. सेंटओएस ६ ही कार्यप्रणाली, त्यावर मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि याद्या चालवणाऱ्या मेलमनची २.१.१२ ही आवृत्ती, अशी ती साधी आणि जुनी मांडणी होती. यादीचा कणा म्हणावा अशा नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. शनिवार वगळता रोज सकाळी सहाच्या सुमारास त्या एक इंग्रजी संज्ञा आणि तिच्यासाठी सुचलेले दोन-तीन मराठी शब्द यादीवर पाठवत, आणि मग दिवसभर त्यांवर खल चाले.

पहिला दूरध्वनी साताऱ्याहून आला. तेथील एक प्राध्यापक गेली कित्येक वर्षे सभासद होते आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता. "माझ्याकडे पत्रं पोचत नाहीत म्हणून मला बंद केलंय, असं तुमचं पत्र आलंय. पण सर, पत्रं पोचत नाहीत, तर हे पत्र कसं पोचलं?"

त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता आणि तो एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने विचारला होता. त्या वेळी मात्र मी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. एवढे पत्ते एकाच वेळी नाकारले जातात म्हणजे आपला सर्व्हर नको असलेले मेल पाठवणाऱ्यांच्या कोणत्या तरी काळ्या यादीत गेला असणार, असे मी धरून चाललो. आमचा आयपी पत्ता मी एकामागून एक याद्यांमध्ये तपासला, पण तो कोठेही नव्हता. मग यादीवर स्वतःच एक चाचणीचा मेल पाठवून पाहावा, असे ठरवले.

या चाचणीत माझी चाळीस मिनिटे वाया गेली. मेल मी माझ्या खासगी वेबमेल खात्यावरून यादीला पाठवला आणि तो इनबॉक्समध्ये परत येण्याची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. यादी कोणालाच काही पोहोचवत नाही अशी माझी खात्री होऊ लागली. वास्तविक सर्व्हरच्या नोंदवहीत तो मेल माझ्या पत्त्यावर व्यवस्थित पोहोचल्याचे लिहिलेले होते. काही वेबमेल सेवा प्रत्येक मेलचा संदेश-क्रमांक, म्हणजे मेसेज-आयडी, पाहतात आणि तोच क्रमांक असलेली प्रत 'पाठवलेले' या कप्प्यात आधीपासून असेल, तर यादीकडून फिरून आलेली प्रत इनबॉक्समध्ये दाखवत नाहीत. "मी पाठवलेलं यादीवर आलंच नाही" अशी तक्रार कितीतरी सभासद करत आणि मीच त्यांना हे कारण समजावून सांगत असे. घाईत मला स्वतःला ते आठवले नाही.

मग मी मेल सोडून पोस्टफिक्सची नोंदवही वाचायला घेतली. परत आलेल्या मेलच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि त्या दिवसांनुसार लावल्या. शुक्रवार, ४ एप्रिलपर्यंत सारे ठीक होते. रविवारी, ६ तारखेला सकाळी नकार सुरू झाले होते, सोमवारी तेवढेच, मंगळवारी तेवढेच, बुधवारी आणि गुरुवारीही तेवढेच. आणि प्रत्येक दिवशीचे जवळजवळ सगळे नकार सकाळी सहा ते सव्वासहा या वेळात आलेले होते. दिवसभरात इतरांनी पाठवलेले मेल त्याच २८७ पत्त्यांवर विनातक्रार पोहोचले होते.

म्हणजे दोष त्या २८७ पत्त्यांचा नव्हताच. नाकारला जात होता तो फक्त नागपूरच्या बाईंचा मेल, आणि त्याची शिक्षा तो स्वीकारू पाहणाऱ्यांना मिळत होती. मेलमनचा हिशेब सरळ असतो. एखाद्या सभासदाकडून मेल परत आला की त्याच्या नावावर एक गुण चढतो. एका दिवसात कितीही मेल परत आले तरी गुण एकच. आणि मूळ मांडणीत पाच गुण झाले की त्याचे मेल थांबतात. बाईंनी रविवारपासून रोज एक शब्द पाठवला आणि पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सर्वांचे पाच गुण एकदमच भरले. साताऱ्याच्या सरांना सूचना मिळाली, कारण ती आमच्या सर्व्हरच्या नावाने गेली होती, बाईंच्या नावाने नव्हे.

नकाराच्या ओळींमध्ये ५५० या आकड्यापुढे कारण लिहिलेले होते: प्रेषकाच्या डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) डीमार्क धोरणामुळे हा मेल स्वीकारता येत नाही. आपल्या नावाने येणारे खोटे मेल कसे हाताळावेत, हे डोमेनने जाहीर करण्याची पद्धत म्हणजे डीमार्क. बाईंचा पत्ता एका मोठ्या, जुन्या, मोफत वेबमेल सेवेचा होता. त्या सेवेच्या डोमेनची डीमार्कची नोंद डीएनएसमधून, म्हणजे डोमेनांची माहिती देणाऱ्या इंटरनेटच्या सूचीतून, मी 'डिग' आज्ञेने मागवली आणि उत्तरात 'पी=रिजेक्ट' असे आले. आमच्या नावाचा जो मेल तपासणीत उतरणार नाही तो सरळ परत पाठवा, असे त्या सेवेने जगभरच्या सर्व्हरांना आधीच्या आठवड्याच्या अखेरीस सांगून टाकले होते.

हे धोरण समजण्यासाठी टपालाचे पाकीट डोळ्यांसमोर आणावे. मेललाही पाकीट असते आणि आत पत्र असते. दोन्हीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि दोन्ही पत्ते एकच असतील असे नाही. मेलिंग लिस्ट बाईंचे पत्र आपल्या पाकिटात घालते, म्हणजे परत आलेला मेल बाईंना त्रास न देता यादीकडे येतो. आतल्या पत्रावर मात्र नाव बाईंचेच राहते. एसपीएफ ही तपासणी पाकीट पाहते, आणि आमच्या पाकिटावर आमचेच नाव असल्याने ते तिला मान्य होते, पण ते बाईंच्या डोमेनशी जुळत नाही. डीकेआयएम ही दुसरी तपासणी पत्रावरची सही पाहते. बाईंच्या सेवेने त्यांच्या मेलवर सही केलेली असे. परंतु आमची यादी विषयाच्या आधी चौकटी कंसात स्वतःचे नाव घाली, तळाशी सभासदत्व रद्द करण्याच्या सूचनेच्या चार ओळी जोडी आणि एचटीएमएलचा, म्हणजे सजवलेल्या मजकुराचा, भाग काढून टाकी. यातल्या एकेका बदलानेही ती सही मोडते. पत्रावरील नावाशी जुळणारी निदान एक तपासणी यशस्वी व्हावी, एवढीच डीमार्कची मागणी आहे. आमच्या यादीतून गेलेल्या बाईंच्या पत्रात एकही होत नव्हती.

डीमार्क जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाले तेव्हा बँका आणि व्यवहाराच्या पावत्या पाठवणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर होत्या. बँकेच्या नावाने बँकेखेरीज कोणी पत्र पाठवू नये, हे रास्तच आहे. ओळखीच्या माणसाच्या नावाने येणारे फसवे मेल थांबवावेत हाही हेतू मला मान्य आहे. परंतु लाखो साध्या माणसांची खाती असलेल्या डोमेनवर, कोणतीही पूर्वसूचना न देता, असे धोरण लावणे हा अन्याय होता असे मला आजही वाटते. यादीवर पत्र लिहिणे हा मेलचा गैरवापर नव्हता. तो मेलच्या सर्वांत जुन्या उपयोगांपैकी एक होता.

दुपारी मी बाईंना दूरध्वनी केला. विदर्भात त्या दिवशी लोकसभेचे मतदान होते आणि त्या नुकत्याच मतदान करून उन्हातून घरी आल्या होत्या. मी सारे सांगितले आणि दुसऱ्या एखाद्या सेवेचा पत्ता घ्याल का, असे विचारले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली हा पत्ता वापरते आहे. पत्र मी लिहिलं, माझ्याच खात्यातून पाठवलं. मग त्यात खोटं काय आहे?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि पत्ता बदलण्याचा विषय मी तेथेच सोडला. बदल करायचा तर तो यादीत करायला हवा होता. मेलमनच्या २.१.१६ या आवृत्तीत प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता घालण्याची सोय आलेली होती, पण आमची आवृत्ती तिच्याहून जुनी होती, आणि त्या सोयीत सर्वच लेखकांचे पत्ते झाकले जात. (फक्त अशा कडक धोरणाच्या डोमेनपुरता हा बदल करणारी २.१.१८ ही आवृत्ती मे महिन्यात आली आणि ती आम्ही लगेच घेतली. तिचाही एक त्रास निघालाच: काही वेबमेल सेवांनी यादीचा पत्ता बाईंच्या नावाने आपोआप जतन केला, आणि एका सभासदाने बाईंना लिहिलेले अगदी घरगुती पत्र चारशे जणांना गेले.)

त्या दिवशी हाताशी एकच मार्ग होता, तो म्हणजे पत्राला हातच न लावणे. विषयातील चौकटी कंस काढले, तळटीप काढली, एचटीएमएल गाळणे बंद केले. मेलचे कप्पे लावण्यासाठी ज्यांचा त्या कंसावर भर होता, त्यांना यादी प्रत्येक मेलला जोडत असलेल्या लिस्ट-आयडी या शीर्षकावरून गाळणी कशी लावायची, हे सविस्तर लिहून कळवले. सायंकाळी बाईंनी चाचणीसाठी एक देवनागरी विषयाचा मेल पाठवला. तपासणीचा शेरा मेलच्या शीर्षकात लिहून ठेवणाऱ्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर आमचे एक सभासद होते. त्यांच्याकडून सकाळचे आणि सायंकाळचे अशी दोन्ही शीर्षके मागवली. सकाळच्या मेलवर मजकूर सहीशी जुळत नसल्याचा शेरा होता, तर सायंकाळच्या मेलवर 'डीकेआयएम=पास'. मग २८७ जणांचे मेल पुन्हा सुरू केले, गुण शून्यावर आणले आणि प्रत्येकाला क्षमापत्र पाठवले. साताऱ्याच्या सरांना मात्र मी दूरध्वनीच केला, कारण त्यांचा प्रश्न मी सकाळीच नीट ऐकला असता, तर निम्मा दिवस वाचला असता.

शुक्रवारी मी पावणेसहालाच घरून सर्व्हरला जोडणी करून नोंदवही उघडून बसलो. सहा वाजून काही मिनिटांनी बाईंचा शब्द आला आणि ओळी सरकू लागल्या. सव्वासहापर्यंत ४१२ पैकी ४११ मेल स्वीकारले गेले होते. राहिलेला एक परत आला होता, आणि त्याच्यापुढे धोरणाचे नव्हे, तर मेलपेटी भरल्याचे कारण होते. तो पत्ता सांगलीच्या एका सभासदांचा होता. त्यांच्या घरी विचारले तेव्हा कळले की फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते आणि तेव्हापासून त्यांची पेटी कोणी उघडली नव्हती. बाईंचे रोजचे शब्द तिच्यात साठत राहिले होते. त्यांच्या नावावर चढलेला तो एक गुण मी पुसला नाही.