लोही अशनीतलं टंगस्टन मोजताना: माझा अनुभव

पीएचडीसाठी मी घेतलेला प्रश्न एका ओळीत मावतो. सूर्यमालेतल्या पहिल्या लघुग्रहांच्या पोटात लोखंडाचा गाभा नेमका कधी तयार झाला? त्या ओळीपासून उत्तरातल्या एका आकड्यापर्यंत पोचायला मला काही वर्षं लागली. ‘हा अशनी ४५६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे’ असं वाक्य बातमीत येतं तेव्हा त्यामागचं काम कुणाला दिसत नाही, आणि मला तर त्या कामाचाच लळा आहे. म्हणून हे लिहिते आहे.

या प्रश्नासाठी आम्ही वापरतो ते घड्याळ हाफ्नियम-१८२ या समस्थानिकाचं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू म्हणजे समस्थानिक). ते किरणोत्सारी आहे. ८९ लाख वर्षांत त्यातलं निम्मं संपतं आणि त्याचं टंगस्टन-१८२ होतं. सूर्यमालेच्या जन्मावेळी जेवढं होतं तेवढं सगळं केव्हाच संपून गेलं, मागे उरलं ते त्याचं टंगस्टन. आता या दोन मूलद्रव्यांचे स्वभाव वेगळे. हाफ्नियमला खडकाची ओढ, टंगस्टनला लोखंडाची. लघुग्रह आतून वितळतो, जड लोखंड केंद्राकडे उतरतं, तेव्हा टंगस्टन त्याच्यासोबत खाली जातं आणि हाफ्नियम वरच्या खडकात राहतं. त्यानंतर गाभ्यातल्या टंगस्टनमध्ये नवं १८२ येणं बंद होतं. गाभा जितका लवकर वेगळा झाला तितकं त्यात १८२ कमी. पुढे तो लघुग्रह टकरींमध्ये फुटतो, गाभ्याचे तुकडे अवकाशात भटकतात आणि त्यांतले थोडे पृथ्वीवर येऊन पडतात. तेच लोही अशनी. पृथ्वीचा स्वतःचा गाभा आपल्या हाती कधी लागणार नाही, पण एखाद्या नष्ट झालेल्या छोट्या जगाचा गाभा हातात धरता येतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

फरक मात्र अतिशय सूक्ष्म. ‘एप्सिलॉन’ हे आमचं एकक, म्हणजे दहा हजारांत एक भाग. पृथ्वीच्या प्रावरणातल्या टंगस्टनमधलं १८२ चं प्रमाण शून्य धरलं तर लोही अशनी उणे तीन ते उणे साडेतीनच्या आसपास येतात. गाभा दहा लाख वर्षं आधी झाला की नंतर, हे ओळखायचं तर ०.१ एप्सिलॉन, म्हणजे लाखात एक भाग इतका फरक पकडावा लागतो. मोजणी सैल असली तर ग्रहांचा इतिहासच बदलतो, आणि हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत कॉन्ड्राइट, म्हणजे कधीही न वितळलेले खडकाळ अशनी, आणि पृथ्वी यांच्या टंगस्टनमध्ये फरक दिसला नव्हता, त्यामुळे पृथ्वीचा गाभा सूर्यमालेच्या जन्मानंतर सुमारे ६ कोटी वर्षांनी, बराच उशिरा झाला असं मानलं गेलं. २००२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे पुन्हा मोजलं, तेव्हा कॉन्ड्राइट उणे दोनच्या जवळ निघाले आणि गाभ्याचा काळ सुमारे ३ कोटी वर्षांवर आला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात हे सगळे शोधनिबंध माझ्यासमोर ठेवले आणि ओळीने वाचायला सांगितले.

पहिली पायरी होती तुकडे मिळवण्याची. अशनी संग्रहालयांत असतात आणि ते सांभाळणारी माणसं ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब विचारतात. विचारायलाच हवा. आमच्या पद्धतीत तुकडा आम्लात विरघळतो आणि कायमचा जातो. किती ग्रॅम हवे, कमी का चालणार नाहीत, हेच उत्तर आधीच्या मोजण्यांतून का मिळत नाही, हे सगळं अर्जात मांडावं लागलं. हे लिहिताना माझा स्वतःचाच प्रश्न जास्त नेमका झाला. तुकडे आले तेव्हा एका कापलेल्या बाजूवर सौम्य नायट्रिक आम्लाने उठवलेली नक्षी होती: एकमेकींना छेदणाऱ्या सरळ पट्ट्या, लोखंड आणि निकेलच्या दोन मिश्रधातूंच्या. या नक्षीला विडमानश्टेटन म्हणतात. धातू लाखो वर्षं अत्यंत सावकाश थंड होत गेला तरच ती उमटते. प्रयोगशाळेत ती तशी घडवता येत नाही.

पुढचं काम स्वच्छतेचं, आणि माझ्या मते या क्षेत्राचा खरा कणा तोच. धातू कापायची कठीण हत्यारं सर्रास टंगस्टन कार्बाइडची असतात, म्हणजे मला मोजायच्या त्याच मूलद्रव्याची. ती दूर ठेवायची. हिऱ्याच्या धारेने कापायचं, वातावरणातून पडताना जळालेला पृष्ठभाग आणि गंज काढून टाकायचा, सिलिकॉन कार्बाइडने घासायचं, अल्कोहोलमध्ये ध्वनिलहरींच्या टाकीत धुवायचं. मगच क्लीन लॅबमध्ये न्यायचं. तिथली हवा गाळून आत सोडलेली, कपडे आणि टोपी वेगळी, भांडी टेफ्लॉनची. आम्लंही बाटलीतून थेट वापरायची नाहीत, ती स्वतः पुन्हा ऊर्ध्वपातित करून घ्यायची.

आम्लांतलं हायड्रोफ्लोरिक आम्ल हे प्रकरण निराळंच. टंगस्टन द्रावणात टिकून राहावं म्हणून ते लागतंच. ते काच खातं म्हणून टेफ्लॉनची भांडी. आणि ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. त्यावर उतारा म्हणून लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला आमच्याकडे त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे सर्वांत आधी सांगते.

द्रावण तयार झालं की त्यात जवळजवळ सगळं लोखंड आणि निकेल असतं. टंगस्टन ग्रॅममागे मायक्रोग्रॅमच्या घरात. ते वेगळं काढायचं तर रेझिनचे बारीक कण भरलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. सौम्य हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात टंगस्टन रेझिनला धरून राहतं, लोखंड आणि निकेल वाहून जातात. मग तीव्र आम्ल घातलं की टंगस्टन सुटतं. ऑस्मियमलाही हाकलावं लागतं, कारण त्याचे १८४ आणि १८६ वस्तुमानांकांचे समस्थानिक टंगस्टनच्या त्याच अंकांवर येऊन बसतात. नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून द्रावण पुन्हा पुन्हा सुकवलं की ऑस्मियम उडून जातं. कॉलमचे दिवस लांबलचक असतात. ज्यांना घाई असते त्यांचा जीव तिथे रमत नाही. माझा रमला.

प्रत्येक फेरीत एक भांडं असं असतं ज्यात अशनी नसतो. बाकी सगळं तेच: तीच आम्लं, तोच कॉलम, तेवढाच वेळ. त्याला ब्लँक म्हणतात. शेवटी त्यात जे टंगस्टन सापडेल ते आमचं, म्हणजे हवेचं, आम्लांचं, हातांचं. ब्लँक कमी आणि स्थिर होईपर्यंत मला खऱ्या तुकड्याला हात लावायची परवानगी नव्हती, आणि या नियमामागे मोठी परंपरा आहे. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढायला घेतलं तेव्हा त्यांच्या नमुन्यांत शिसं नेहमी अपेक्षेपेक्षा जास्त येई. हे जादा शिसं धुळीतून, भांड्यांतून, रसायनांतून येतंय हे त्यांनी ओळखलं आणि त्यासाठी प्रयोगशाळेची स्वच्छता कुणी केली नव्हती इतक्या टोकाला नेली. मग ॲरिझोनातल्या कॅन्यन डियाब्लो या लोही अशनीतलं शिसं मोजून १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. तो आकडा आजही जवळपास टिकून आहे. त्याच शिशाचा माग काढत ते पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याविरुद्ध उभे राहिले. ब्लँक मोजता मोजता एक माणूस साऱ्या जगाच्या हवेपर्यंत पोचला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे समस्थानिक मोजायचं यंत्र, त्यावरच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते. द्रावणाचा बारीक फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात जातो, तिथे अणूंचे आयन होतात, चुंबक त्यांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करतो आणि प्रत्येक समस्थानिक आपापल्या कपात पडतो. यंत्राचं मोजमाप वेळेनुसार हळूहळू सरकत असतं, म्हणून नमुन्याच्या आधी आणि नंतर प्रमाणित द्रावण मोजायचं. रात्रभर हेच.

आकडे आले आणि खरी अडचण पुढे उभी राहिली. सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण म्हणजे कॉन्ड्राइट अशनींतले कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने समृद्ध असे पांढरट ठिपके. त्यांचं वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं आणि त्यांचं मूळ टंगस्टन उणे ३.५ एप्सिलॉनच्या जवळ. सूर्यमालेत याहून खालचं मूल्य असायला नको. माझे काही तुकडे त्याच्याही खाली गेले, म्हणजे आईपेक्षा लेक वयाने मोठी निघाली. ब्लँक स्वच्छ होता, प्रमाणित द्रावणं जागच्या जागी होती. कारण अवकाशात होतं. हे तुकडे कोट्यवधी वर्षं वैश्विक किरणांच्या माऱ्यात होते. त्या माऱ्यातून निघालेले न्यूट्रॉन टंगस्टनचे अणू गिळतात आणि १८२ आणखी कमी करतात. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात माहीत आहे आणि तिच्यावर उपायही आहे, पण उपाय म्हणजे पुन्हा तेवढंच काम. प्लॅटिनमसुद्धा न्यूट्रॉन गिळतं आणि हाफ्नियमशी त्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे प्लॅटिनमचे समस्थानिक किती हलले यावरून न्यूट्रॉनचा मारा किती झाला ते कळतं.

त्यासाठी एकाच गाभ्यातून आलेले, पण कमी-जास्त मारा खाल्लेले अनेक तुकडे लागतात. पुन्हा अर्ज, पुन्हा कापणं, पुन्हा कॉलम, या वेळी प्लॅटिनमसाठीही. मग आलेखावर एका अक्षावर प्लॅटिनम आणि दुसऱ्यावर टंगस्टन मांडलं, तर ठिपके एका तिरप्या रेषेवर बसले. ती रेषा प्लॅटिनमच्या शून्यापर्यंत मागे नेली की किरण लागण्याआधीचं टंगस्टन मिळतं. ते उणे ३.५ च्या वर आलं. हिशेब केला तर गाभा त्या पांढरट ठिपक्यांनंतर दहा-वीस लाख वर्षांच्या आत वेगळा झालेला. मॅडमनी आलेख पाहिला, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “आता चुकांच्या पट्ट्या दाखव.” म्हणजे प्रत्येक ठिपक्यात किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या रेघा. त्या दुपारी आम्ही एकेक पट्टी तपासली.

या आकड्याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे. कॉन्ड्राइट अशनी कधी वितळलेच नाहीत, म्हणून सगळे त्यांना ग्रहांचा मूळ कच्चा माल मानत. पण त्यांचे जनक लघुग्रह साधारण वीस-तीस लाख वर्षांनी एकत्र आले. तोवर काही लघुग्रह घडून, वितळून, गाभा तयार करून मोकळे झाले होते. याला कारण ॲल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी, उष्णता देणारा समस्थानिक. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७ लाख वर्षं. जे लवकर जमले त्यांच्यात त्याची उष्णता भरपूर, ते वितळले. जे उशिरा जमले त्यांच्या वाट्याला पुरेशी उष्णता उरलीच नाही.

प्रबंध त्यावरच झाला, पण कॉलममधून बाजूला काढलेलं मॉलिब्डेनम मी जपून ठेवलं होतं. मॉलिब्डेनमवरून अशनींची दोन घराणी वेगळी ओळखता येतात. सूर्याजवळच्या भागातलं एक आणि गुरूपलीकडचं दुसरं, असं आता मानलं जातं. ती इतकी अलग राहिली, कारण गुरूचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांतच मोठा होऊन मध्ये उभा राहिला, असा निष्कर्ष २०१७ मध्ये मांडला गेला. माझे तुकडे आतल्या घराण्यातले निघाले. बाहेरच्या घराण्यातले गाभे थोडे उशिरा झालेले दिसतात. ते लघुग्रह जमलेच उशिरा, की त्यांच्यात पाणी जास्त असल्याने तापायला वेळ लागला? सध्या मी त्या गटातल्या तुकड्यांचं प्लॅटिनम मोजते आहे.