पालींच्या बाहुल्या: पावसाळी नोंदी

या पावसाळ्यात घरातल्या पालींच्या फक्त डोळ्यांचेच फोटो काढायचं ठरवलंय. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद चढवल्यापासून काम बरंच सोपं झालंय. पालीच्या डोळ्यात अतिनील, निळा आणि हिरवा टिपणाऱ्या पेशी असतात, लाल टिपणारी वेगळी पेशी नसते. त्यामुळे फोकस लावेपर्यंत बाई बिचकत नाहीत, आणि बाहुली टपोरी राहते.

पांढरा उजेड पडला की खरी मजा. ट्यूबलाइटमागच्या शेपूटतुटकीचा क्लोजअप मिळालाय: बाहुलीची उभी फट, कडा दंतुर. फट पूर्ण मिटली की खाचांच्या जागी एकाखाली एक चार बारीक भोकं उरतात. किडा नेमक्या अंतरावर नसला तर या भोकांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत. त्यावरून पाल झेपेचं अंतर जोखत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. भिंतीवर दबा धरून एकाच झडपेत पाखरू उचलणारीला हे हवंच.

अंधारातली गोष्ट त्याहून भारी. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात लीना रोथ आणि आल्मुट केल्बर यांनी 2004 मध्ये दाखवलं, की वायव्य आफ्रिकेतली हेल्मेट गेको ही पाल मंद चांदण्याएवढ्या उजेडातही रंग ओळखते. आपल्याला तेव्हा सगळं करडंच दिसतं. आपल्या रंगदृष्टीच्या तुलनेत तिचा डोळा सुमारे 350 पट संवेदनशील निघाला. पालींचे पूर्वज दिवसा वावरणारे, त्यांच्या डोळ्यातल्या अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशी गेल्या त्या गेल्याच. पुढे रात्रपाळी सुरू झाल्यावर उरलेल्या, रंग टिपणाऱ्या शंकुपेशीच मोठ्या आणि लांब झाल्या. जुगाड म्हणा हवं तर, पण रंग शाबूत राहिले.

सह्याद्रीतल्या कातळांवरच्या नेमास्पिस पाली बहुतांशी दिवसा फिरतात. त्यांची बाहुली गोल, फट नाहीच. त्यांचे बाजूने काढलेले फोटो माझ्याकडे अजून धड नाहीत.

जिभेने डोळा पुसतानाचा एक फोटो मात्र साधलाय. घरातल्या पालीला उघडझाप करणारी पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून ही चाटाचाटी. लेपर्ड गेकोला पापण्या असतात, ती रीतसर डोळे मिटते.

आता फोनवरच्या लक्समीटरने उजेड मोजून फटीची रुंदी टिपायची आहे. नेमास्पिसचे डोळे कुणी टिपले असतील, तर वेळ आणि ऊन-सावलीची नोंद जोडून द्या.