पाहणारे वाढले, घेणारे मात्र तेवढेच राहिले

जून 2025 मध्ये मिलानमधील प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीशी उघड साधर्म्य असलेल्या चपला मूळ कारागिरीचा उल्लेख न करता दाखवल्या गेल्या आणि देशभर कोल्हापुरी चपलेची चर्चा सुरू झाली. त्या दिवसांत आमच्या ऑनलाइन दुकानाच्या पानांवर कधी नव्हे इतके लोक येऊन गेले. रोज सकाळी मी विक्रेत्याच्या खात्यातला अहवाल उघडत असे. भेटींचा आकडा चढलेला दिसे आणि ऑर्डरी मात्र पूर्वीइतक्याच, म्हणजे आठवड्याला चार-पाच जोड. तोवर माझी पक्की समजूत होती की आपला माल लोकांच्या नजरेस पडत नाही म्हणून तो खपत नाही. आता तो नजरेस पडला होता, लोक पानापर्यंत आले होते आणि हात न लावता परत गेले होते.

त्याआधीच्या वर्षभरात मी दोनच उपाय आलटून पालटून केले होते. एक म्हणजे किंमत उतरवणे. अठराशे रुपयांचा पुरुषांचा जोड मी आधी सोळाशेवर आणि मग चौदाशेवर आणला. खप वाढला नाही. मला वाटते की उलट नुकसानच झाले, कारण ऑनलाइन बाजारात ‘कोल्हापुरी’ या नावाखाली रेक्झिनच्या चपला तीन-चारशे रुपयांना ढिगाने मिळतात आणि आपण जितके त्यांच्या किमतीकडे सरकतो तितका आपला माल अस्सल चामड्याचा आहे यावर ग्राहकाचा विश्वास कमी बसतो. कारागिराची मजुरी कमी करणे आम्हाला शक्य नव्हते आणि करायचीही नव्हती, त्यामुळे ती सूट सरळ आमच्या खिशातून गेली.

दुसरा उपाय जाहिरातीचा. ज्यांनी अद्याप जाहिरात दिलेली नाही, त्यांनी खर्च सुरू करण्यापूर्वी एक साधे गणित कागदावर मांडावे. समजा एका क्लिकला सहा रुपये पडतात आणि शंभर लोक पानावर येतात. म्हणजे सहाशे रुपये गेले. त्यांतील दोघांनीच खरेदी केली, तर एका जोडामागे तीनशे रुपये जाहिरातीचे झाले. पाच जणांनी केली, तर तोच खर्च एकशेवीसवर येतो. जाहिरात तीच, क्लिकचा दर तोच. फरक पडतो तो पान पाहून किती जण विकत घेतात यामुळे. पान कच्चे असताना जाहिरात वाढवणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे, हे मला बरेच पैसे गेल्यावर उमगले.

म्हणून जुलैमध्ये, पावसामुळे दुकानात गर्दी नसताना, मी जाहिराती थांबवल्या आणि ग्राहक नेमका कुठून मागे वळतो एवढेच शोधायचे ठरवले. शोधात आपली वस्तू किती वेळा दिसली, दिसल्यावर किती जणांनी ती उघडली, उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतली आणि घेतलेल्यांपैकी किती जोड परत आले, हे चार आकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेच्या अहवालात मिळतात. आमच्या बाबतीत दिसण्याचा आणि उघडण्याचा आकडा ठीक होता. खोट होती ती शेवटच्या दोन ठिकाणी.

परत आलेल्या जोडांची कारणे मी वहीत एकेक करून उतरवून काढली. ‘माप लहान पडले’ हे कारण इतक्या वेळा आले की बाकीची कारणे त्यापुढे नगण्य ठरली. वडिलांना वही दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, “नवीन चप्पल चावणार, हे त्यांना कुणी सांगितलं?” कुणीच सांगितले नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वडील गेली कित्येक वर्षे सांगत आले आहेत की हे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे आहे, ते पहिले काही दिवस कडक राहणार, अंगठा घट्ट वाटणार, थोडे तेल लावून घरातल्या घरात वापरा, मग ते पायाचा आकार घेईल. हे चार शब्द ऐकून माणूस निर्धास्तपणे चप्पल घेऊन जातो. ऑनलाइन घेणाऱ्याला मात्र खोक्यातून एक कडक, घट्ट चप्पल मिळत होती, आणि माप चुकले असे समजून तो ती परत पाठवत होता. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केले असते.

मापाचा गोंधळ त्याहून खोल होता. आमच्याकडे सगळा व्यवहार नंबरात चालतो: सात नंबर, आठ नंबर. ही ब्रिटिश पद्धत. तिच्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरोपीय पद्धतीत तो पाऊण सेंटिमीटरहूनही कमी असतो, आणि अनेक ग्राहक बुटावर छापलेला युरोपीय आकडा पाहून अंदाजाने आमचा नंबर निवडत होते. शिवाय हाताने कापलेल्या तळात कारागिरागणिक थोडा फरक पडतोच. मी आमच्याकडे माल देणाऱ्या तिन्ही घरांतले आठ नंबरचे जोड एका ओळीत ठेवून पट्टीने मोजले, तेव्हा दोघांच्या जोडांत जवळजवळ अर्ध्या नंबराचा फरक निघाला. मग प्रत्येक नंबराचा पुठ्ठ्याचा एकच नमुना तयार करून तो तिघांनाही दिला. आता पानावर नंबराशेजारी तळाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली आहे, आणि पाऊल कसे मोजावे हेही लिहिले आहे: संध्याकाळी, म्हणजे पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर उभे राहून टाच आणि सर्वांत लांब बोट यांच्या खुणा कराव्यात आणि त्यांमधील अंतर मोजावे. माझ्या मते संपूर्ण पानातला हाच सर्वांत मोलाचा मजकूर आहे. या एका बदलानंतर मापामुळे परत येणारे जोड निम्म्याहून कमी झाले. परत येणाऱ्या प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च आमच्यावर पडत असल्याने, विक्री फारशी वाढण्याआधीच हिशेबात फरक दिसू लागला.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगतो. मुख्य छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवे हा बाजारपेठेचा नियम आहे आणि तो पाळावाच लागतो, परंतु पुढची छायाचित्रे आपल्या हातात असतात. तिथे मी आधी चपला वेगवेगळ्या कोनांतून पाच वेळा दाखवल्या होत्या. आता एकात तळाखालची चामड्याच्या वादीची शिवण जवळून दिसते, एकात पट्ट्यावरची वेणी, एकात पायात घातलेली चप्पल, आणि एकात तळाशेजारी मोजपट्टी. नैसर्गिक चामड्याचा रंग जोडागणिक थोडा बदलतो, म्हणून एका छायाचित्रात मुद्दाम तीन जोड शेजारी शेजारी ठेवले आहेत. रेक्झिनची चप्पल विकणारा हे दाखवू शकत नाही.

नावाच्या ओळीत मी ‘कापशी’ (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) हा शब्द सर्वांत आधी लिहिला होता, कारण आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण पुण्यामुंबईबाहेरचा ग्राहक तो शब्द शोधतच नाही. तो ‘कोल्हापुरी चप्पल’, ‘लेदर’, ‘पुरुषांसाठी’ असेच शोधतो. आता ते शब्द आधी आणि ‘कापशी’ नंतर आहे. इंग्रजीत चप्पल हा शब्द लोक एका ‘पी’ने लिहितात आणि दोन ‘पीं’नीही, म्हणून दोन्ही रूपे ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात टाकली.

ओळखीच्या एका विक्रेत्याने मला पैसे देऊन चांगले अभिप्राय लिहून घेण्याचा सल्ला दिला होता. मी तो मानला नाही. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोट्या अभिप्रायावर विसंबून घेतलेली घट्ट चप्पल परतच येते. त्याऐवजी प्रत्येक खोक्यात वडिलांचे ते चार शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी जाते. पुढे आलेल्या अभिप्रायांत काहींनी लिहिले की तेल लावल्यावर चप्पल आठवड्यात मऊ झाली. तो मजकूर मी लिहिलेल्या वर्णनापेक्षा नव्या ग्राहकाला अधिक पटतो.

किंमत मी पुन्हा अठराशेवर नेली. त्यानंतर 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील जीएसटी 5 टक्के झाला. आमच्या जोडावर तो आधी 18 टक्के होता. हा फरक ग्राहकापर्यंत पोहोचवला, त्यामुळे कारागिराच्या मजुरीला हात न लावता किंमत उतरली. ज्यांचा माल या मर्यादेत बसतो, त्यांनी आपल्या खात्यात वस्तूचा कर-संकेतांक बदलला आहे की नाही हे एकदा उघडून पाहावे. माझ्या खात्यात दोन वस्तूंवर जुनाच दर राहून गेला होता.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उपायाने बदलत नाही, आणि ती बदलायला जाऊही नये. जून ते सप्टेंबर या काळात चामड्याची चप्पल कमीच खपते, कारण ती पावसात घालायची वस्तूच नाही. पूर्वी मी मे महिन्याशी तुलना करून जुलैमध्ये घाबरत असे आणि किंमत पाडत असे. आता जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करतो आणि ते चार महिने दिवाळी आणि लग्नसराईसाठी सात, आठ आणि नऊ नंबरचे जोड तयार करून घेण्यात घालवतो, कारण नेमके हेच नंबर संपले की पान उघडणाऱ्या बहुतेकांना रिकाम्या हाताने परत जावे लागते.

सध्या आठवड्याला अकरा-बारा जोड जातात. महिलांच्या चपलांची पाने अजून जुन्याच स्थितीत आहेत. त्यांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून झाले आहेत, आणि पुढच्या आठवड्यात ते घेऊन तिन्ही घरी जायचे आहे.