म्यूटच्या बटणाचं पेटंट

पेटंट मंजूर झालं म्हटल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळ्यांचा प्रश्न एकच: "किती मिळाले?" अजून एक रुपया नाही. गेलेच आहेत.

वस्तू साधी आहे. टीव्हीशेजारी ठेवायची डबी. मोबाईलशी ब्लूटूथनं जोडलेली. फोन आला की आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटी प्रोग्राम केलेली चिप, रिमोटसारखाच इन्फ्रारेड सिग्नल सोडून टीव्ही म्यूट करतो. आमच्या आईला कमी ऐकू येतं, मोठ्या आवाजात मालिका चालू असली की फोन वाजलेला कळायचाच नाही, त्यातनं हे निघालं.

खरी गोम वेगळीच होती. बहुतेक रिमोटना म्यूट करायला आणि काढायला कोड एकच. टीव्ही आधीच गप्प असेल तर माझी डबी फोन येताच त्याला बोलतं करायची! टीव्ही तर उलट काही कळवत नाही. म्हणून डबीत छोटा माइक बसवला. कोड सोडायच्या आधी आणि नंतर खोलीतला आवाज मोजायचा. वाढला असेल तर तोच कोड लगेच परत सोडायचा.

अर्ज करायच्या आधी हे कुणाला दाखवायचं नाही, ही पहिली अट. चारचौघांत उघड झालं की नावीन्य गेलं. चहाच्या गाड्यावर सगळं सांगायची सवय असलेल्या कोल्हापूरकराला हे फॉर्म भरण्यापेक्षा अवघड! आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला, व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपये. पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांच्या आत. तपासणीच्या विनंतीचे वेगळे ४०००. पेटंट एजंटची फी यात धरू नका.

पुण्याच्या आमच्या एजंट बाईंनी पहिला क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य, मुद्दाम ऐसपैस लिहिला: फोन आला की टीव्हीचा आवाज बंद करणारं उपकरण. माइक खालच्या क्लेममध्ये. म्हणाल्या, "नंतर आवळता येतो हो, सैल करता येत नाही."

पेटंटच्या मुंबई कार्यालयाचा तपासणी अहवाल आला आणि आवळायची वेळ आली. समोर अमेरिकेतली जुनी पेटंट ठेवलेली. तिकडं घंटी वाजवायला टेलिफोनच्या तारेवर साधारण ९० व्होल्टचा एसी यायचा. तो ओळखून टीव्ही गप्प करायची युक्ती लँडलाइनच्या काळातच होऊन गेली होती. वाचताना राग यायच्या ऐवजी मजाच वाटली, आपल्यासारखेच कुणीतरी डोकं खाजवत बसलेले. दुसरा आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम ३(के)चा: निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही.

उत्तराला सहा महिने असतात. माइक पहिल्या क्लेममध्ये आणला, आधीचा-नंतरचा आवाज ताडून बघणं त्याला जोडलं. जुन्या पेटंटांत सिग्नल सोडला की काम संपतं, टीव्हीनं ऐकलं का हे कुणी तपासत नाही, हा आमचा मुद्दा. सुनावणी व्हिडिओवर झाली. प्रोग्रामचा विषय निघाल्यावर बाईंनी सर्किटची आकृती पुढं केली: माइक, एलईडी, चिप, आणि खोलीतल्या आवाजात खरोखर पडणारा फरक. मला एकच प्रश्न आला, जाहिरातीत आवाज आपोआप वाढला तर? कोड सोडल्यानंतरच्या क्षणभराचीच तुलना होते, असं सांगितलं.

मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनची साठलेली नूतनीकरण फी एकदम भरावी लागली. हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तोही दरवर्षी फी भरत राहिलो तर. सध्या गोकुळ शिरगावला डबीच्या प्लास्टिक साच्याचे दर विचारतोय. ते ऐकल्यापासून पेटंट स्वस्तात पडलं असं वाटायला लागलंय.