सात एकर माळ, चौदा कप्पे: उत्तरा नक्षत्रापर्यंतची नोंद

माळाचे कप्पे पाडून त्यात मेंढरं आणि गाई आळीपाळीनं चारायच्या, त्या प्रयोगाची ही नोंद. मागच्या खेपेला दाखवायला नुसता कागदावरचा नकाशा होता. आता मेंढरं एक फेरी उरकून दुसरीच्या शेवटाला आलीत, त्यामुळं सांगण्यासारखं थोडंफार जमलंय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जत तालुक्याचा पूर्व भाग, मुरमाड माळ, मडग्याळ जातीच्या २४ मेंढ्या आणि दोन खिलार गाई. मी शनिवार-रविवारचा शेतकरी. बाकीचे दिवस मामा बघतात. ते माझे सख्खे मामा नव्हेत. सगळी हयात मेंढरांचा वाडा (फिरता तळ) घेऊन कृष्णाकाठापर्यंत जाण्यात गेलेला माणूस आहे.

कप्प्याचा आकार कसा ठरवला, हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. वेळूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली. ती न बघता फेकायची, आतलं गवत चार बोटं राखून कापायचं, कडकडीत वाळवायचं आणि तोलायचं. चांगल्या-वाईट जागा धरून सरासरी १०० ग्रॅमच्या घरात आली. म्हणजे एकराला ४०० किलो वाळलं गवत. त्यातलं निम्मं जनावरांना आणि निम्मं मुळांना जोर धरायला, असा माझा हिशेब. मेंढी वजनाच्या साधारण तीन टक्के कोरडा चारा खाते, तेव्हा ३५ किलोच्या मेंढीला किलोभर धरला. गाईंना आठ-आठ किलो. सगळं मिळून रोजचे ४० किलो. एकर पाच दिवस पुरतो, अर्धा एकर अडीच दिवस. अर्ध्या-अर्ध्या एकराचे १४ कप्पे पाडले की ३५ दिवसांची फेरी बसते.

कागदावर बसते. आमच्याकडं आश्लेषात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस दडी मारतो आणि नुसता वारा सुटतो, हे जतकरांना सांगायला नको. गवत वाढायचं थांबलं की मन म्हणतं, पुढचा कप्पा लवकर उघड. करायचं नेमकं उलटं. गवत सावकाश वाढत असेल तर फेरीही सावकाश पाहिजे, नाहीतर अजून सावरलेलं नाही त्याच गवताला पुन्हा तोंड लागतं. म्हणून रस्त्याकडचा एक कप्पा बळी द्यायला ठेवलाय. उघडीप पडली की मेंढरं तिथंच वाघर (जाळीचं कुंपण) लावून कोंडायची आणि वर कडबा, शेवरी, हादग्याचा पाला टाकायचा. त्या कप्प्याची पार रया गेलीय. पण बाकीचे तेरा वाचले आणि लेंड्यांचा थरही चांगला बसलाय. पुढच्या साली तिथं मारवेल गवताचे ठोंब लावीन म्हणतो.

नकाशातली सगळ्यात मोठी दुरुस्ती पाण्यानं करायला लावली. चौकोनी कप्पे दिसायला सुरेख, पण प्रत्येकात टाकी कुठून आणायची? गाय उन्हाळ्यात ४०-५० लिटर पाणी सहज ओढते, आणि पाण्यासाठी लांब हाकलत नेलं की वाटेवरचं गवत तुडवून जातं. शेवटी माळाच्या मधोमध लिंबाखाली ५०० लिटरची टाकी ठेवली. बोअरपासून ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल नळी ओढली, टाकीला बॉल कॉक बसवला आणि कप्पे टाकीभोवती पाकळ्यांसारखे पाडले. आता कुठलाही कप्पा उघडा, सावली आणि पाणी तेच. टाकीजवळची जागा उघडी पडते, हा तोटा आहेच. तो मी धरून चाललोय.

कुंपण झटका मशीनचं आहे, सोलरवर. फक्त दोन तारा, खालची गुडघ्याच्या जरा खाली. मुरमात अर्थिंग मिळत नाही ही नेहमीची रड आहे. जमीन कोरडी असली की करंट परत फिरत नाही आणि मेंढरू खुशाल तारेखालून जातं. अर्थिंगची सळई टाकीच्या सांडपाण्यात, मीठ-कोळसा घालून गाडली, तेव्हापासून झटका बसतोय. एकदा नाकाला बसला की मेंढी तारेकडं बघतसुद्धा नाही. गाईंना तर एवढीही गरज पडली नाही.

आता कुसळी गवताबद्दल, कारण या फेरीचा सगळा क्रम तिनंच ठरवला. उत्तरेच्या उतारावरचे चार कप्पे जवळजवळ निव्वळ कुसळीचे आहेत. कोवळेपणी ती चांगली लागते, जनावरं आवडीनं खातात. पण पाऊस परतीला लागला की तिला तुरे येतात आणि मग मेंढीवाल्याचे हाल सुरू. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. काळपट शेपूट हळूहळू पीळ सोडत फिरायला लागतं. टोकाला सुईसारखं बी आणि त्यावर मागं वळलेली बारीक लव, त्यामुळं आत गेलेलं मागं येत नाही. केसांत अडकलं की दव-उन्हानं पीळ सोडत-घेत कातडीत घुसतं, हिरडीत रुततं, कोकराच्या डोळ्यात जातं. मडग्याळीला लोकर नाही, केसच आहेत, म्हणून त्रास थोडा कमी. दख्खनी मेंढी पाळणाऱ्यांना विचारा.

म्हणून दुसऱ्या फेरीत आकड्यांचा क्रम सोडला. मघा लागताच, ऑगस्टच्या मध्याला, आधी हे चार कप्पे उघडले आणि एरवीपेक्षा जास्त दाटीनं चारले, म्हणजे अर्ध्या कप्प्यात सगळं खांड (कळप). यावर मामांचं म्हणणं असं: "सायेब, मोकळा माळ दिसला की मेंढरू निवडून खातंय. कोंडलं की समदं खातंय." खरंच खाल्लं. आता उत्तरा नक्षत्रात त्या उतारावर तुरे अगदी तुरळक आहेत. राहिलेले मामा विळ्यानं कापून गाईंपुढं टाकतात. शेडा आणि मारवेल ही गवतं असलेले खालचे सहा कप्पे मात्र या फेरीत वरवर चारून सोडले. हस्ताचा पाऊस झाला की ते बंद, थेट पौषापर्यंत. उभं वाळलेलं गवत म्हणजे कापणी-वाहणीचा खर्च नसलेली गंजी.

जंतांचं थोडक्यात. पावसाळी हवेत लेंडीतल्या अंड्यांपासून जंतांची पिल्लं तयार होऊन आठवड्याच्या आत गवतावर चढतात, आणि दवात ती शेंड्याकडं असतात. म्हणून मेंढरं दव उठल्यावरच सोडतो, गवत चार बोटांखाली जाऊ देत नाही आणि अडीच दिवसांत कप्पा बदलतो. आंत्रविषार हा जंतांचा नव्हे, जिवाणूंचा रोग; त्याची लस मृगाआधीच टोचून घेतली होती.

पुढचं काम शालूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं. फडाचे दोन एकर माळाला लागूनच आहेत. काढणीनंतर धसकटात गाई सोडायच्या आहेत, पण अवकाळी पाऊस झाला आणि कोवळे फुटवे आले की किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागायची भीती. तेवढ्यासाठी झटक्याची एक तार फडाच्या बांधावरून आधीच ओढून ठेवणार.

कुसळीच्या एका कप्प्यात पुढच्या मृगाला स्टायलो हमाटा हा शेंगवर्गीय चारा फोकायचा विचार आहे, बी गरम पाण्याची प्रक्रिया करून. पहिल्या वर्षी बी पडेपर्यंत त्यात मेंढरू जाऊ द्यायचं नाही, म्हणजे फेरीत १३च कप्पे उरतात, त्यातला एक बळीचा. मुरमात ज्यांनी स्टायलो केलाय त्यांनी कळवा: कुसळीत तसाच फोकला, की आधी पट्टे खरडून घेतले?